जुन्या चर्च रजिस्टरमधला 'मेनोर' म्हणजे नक्की किती वर्षांचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यात बार्देशातल्या तुमच्या चर्चमधून खापरपणजोबा पास्कोल यांच्या नावाच्या चार पोर्तुगीज नोंदी तुम्हाला मिळाल्या. बाप्तिस्मा २८ ऑक्टोबर १८४१. दफन २ ऑगस्ट १८४६, त्यात 'मेनोर' लिहिलंय. लग्न २४ फेब्रुवारी १८६३, तिथंही 'मेनोर'. आणि शेवटी १९३० सालची मृत्यूची नोंद, वय 'ऐंशी, कमीजास्त'. तुमचं म्हणणं असं, की १८४६ ला गेलेला माणूस १८६३ ला लग्न कसा करेल, आणि १८४१ चा जन्म असेल तर १९३० ला एकोणनव्वद व्हायला हवेत, ऐंशी कुठून आले, आणि मेनोर म्हणजे अज्ञान, कायद्यानं वयात न आलेला, तर मग बालविवाह झाला होता का. शिवाय जुन्या-नव्या (ज्युलियन-ग्रेगोरियन) कॅलेंडरमुळे तारखा सरकल्या का, हेही विचारलंय.

वसई आणि गोवा मिळून वीसेक वर्षं मी ही रजिस्टरं वाचतोय, आणि हा घोळ जवळपास प्रत्येक घराच्या वंशावळीत एकदा तरी येतोच. तुम्ही वय आणि तारीख यांचा गोंधळ म्हणताय, पण खरा प्रश्न असा आहे की या चार नोंदी एकाच माणसाच्या आहेत का. मला वाटतं नाहीत. मूळ पान मी बघितलेलं नाही, तुम्ही टाइप करून पाठवलेलं बघितलंय, म्हणून पुढचं सगळं 'बहुतेक' या शब्दासकट वाचा. प्रत्येक चर्चची, प्रत्येक दशकाची आणि खरं सांगायचं तर प्रत्येक फादरची लिहायची सवय वेगळी असते.

आधी मेनोर. या शब्दाला आपण आकडा समजतो तिथंच गाडी चुकते. फादरला त्या दिवशी वय लिहायची हौस नव्हती, समोरच्या माणसासाठी एक ठरावीक गोष्ट करता येते का एवढंच त्याला बघायचं होतं. लग्न लावायचं तर बापाची संमती लागते का? दफन करायचं तर मरणाऱ्याला सॅक्रामेंट, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, द्यायला हवे होते का? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तो शब्द येतो, त्यामुळे शब्द तोच राहतो आणि रजिस्टर बदललं की अर्थ बदलतो. दफनाच्या वहीत मेनोर म्हणजे साधारण सात वर्षांच्या आतलं लेकरू, ज्याला अजून पाप-पुण्याची समज नाही असं चर्च मानायचं. त्यालाच कुठे 'इनोसेंत' लिहितात, कुठे 'पार्वुलो'. लग्नाच्या वहीत मेनोर म्हणजे कायद्यानं अज्ञान, म्हणजे संमती लागणारा, आणि तो चांगला मिशा फुटलेला वीस वर्षांचा तरुण असू शकतो. पोर्तुगीज कायद्यात सज्ञान व्हायचं वय आधी पंचवीस होतं, १८६७ च्या नागरी संहितेनं ते एकवीस केलं आणि ती संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिसरी जागा म्हणजे 'रोल', उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) कोणी कन्फेशन केलं, म्हणजे फादरपुढे पापं कबूल केली, आपल्याकडची जुनी माणसं कुमसार म्हणतात ते, त्याची घरवार यादी. तिथला मेनोर म्हणजे कन्फेशनला येणारा पण अजून कम्युनियन (मिसेतली पवित्र भाकर) न घेणारा पोरगा, सात ते साधारण बारा-चौदा. एकच शब्द आणि तीन वह्यांत तीन वयं, म्हणून मला कोणी शब्दाचा फोटो पाठवला की मी आधी विचारतो, वही कुठली?

तेव्हा बालविवाहाची काळजी तुमच्या मनातून काढा, निदान या शब्दावरून तरी तसं म्हणता येत नाही. चर्चच्या नियमात लग्नाचं किमान वय मुलाला चौदा आणि मुलीला बारा होतं (१९१७ च्या कायदेसंहितेनं ते सोळा आणि चौदा केलं), म्हणजे लग्नातला मेनोर चौदापासून सज्ञान वयापर्यंत कुठेही बसतो. हा पट्टा रुंद आहे पण उपयोगाचा आहे, पुढे लागणारच आहे.

याच्या उलटं उदाहरण आमच्या वसईचं सांगतो. एका कुटुंबाला लॅटिन रजिस्टरमध्ये मूळ पुरुषाचा बाप्तिस्मा सापडला, शेजारी 'आदुल्तुस' लिहिलेलं. त्यांनी धरलं की प्रौढ माणूस, तीस-पस्तीसचा तरी असणार, आणि त्या हिशोबानं त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ, सगळं मागे-मागे सरकवत नेलं. माझ्याकडे कागद आला तेव्हा मी त्याच पानावर वर-खाली बघितलं तर त्याच दिवशी त्याच्या आईचाही बाप्तिस्मा होता आणि पुढे सोळा वर्षांनी त्याचं लग्न. बाप्तिस्म्यापुरतं बोलायचं तर समज आलेला कोणीही, म्हणजे सातच्या पुढचा कोणीही, चर्चच्या लेखी आदुल्तुसच. कारण त्याला स्वतः 'होय, मला विश्वास आहे' म्हणायचं असतं, तान्ह्या बाळासाठी ते धर्मपिता-धर्ममाता म्हणतात. तो 'प्रौढ माणूस' आठ-नऊ वर्षांचा, आईचं बोट धरून आलेला मुलगा होता. ते कळल्यावर त्या घरची आजी कितीतरी वेळ काही बोललीच नाही, नुसती त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

आता तुमच्या १८४६ च्या दफनाकडे या. मेनोरच्या पुढे काय लिहिलंय ते तुम्ही टाइप केलंय, 'सॅक्रामेंट न घेता, मेनोर असल्यामुळे', आणि मला या चार नोंदींतलं सगळ्यात भरवशाचं वाक्य हेच वाटतं. दफनाच्या नोंदीत वयाचा आकडा नसला तरी कोणते सॅक्रामेंट मिळाले यावरून वय बऱ्यापैकी काढता येतं. काहीच मिळालं नसेल आणि कारण लहान वय असेल तर सातच्या आतलं. (अचानक मेलेल्या मोठ्या माणसालाही काही मिळत नाही, पण तिथं तसं कारण लिहितात, पडून मेला, वेळ मिळाला नाही वगैरे, म्हणून कारण वाचल्याशिवाय ठरवू नका.) फक्त कन्फेशन मिळालं असेल तर सातच्या वरचं पण पहिलं कम्युनियन न झालेलं. कन्फेशन, कम्युनियन, शेवटचं तेल (मरणाऱ्याला लावतात ते) असे सगळे मिळाले तर बारा-तेराच्या वरचं धरायला हरकत नाही. ही बारा-तेराची मोजपट्टी १९१० पर्यंतच वापरायची हं, कारण त्या वर्षी पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं आणि मग मधला टप्पा जवळजवळ नाहीसाच झाला. मी स्वतः वयाच्या आकड्यापेक्षा सॅक्रामेंटच्या ओळीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण आकडा शेजाऱ्यानं अंदाजे सांगितलेला असतो आणि सॅक्रामेंट फादरनं स्वतःच्या हातानं दिलेला असतो.

म्हणजे १८४६ ला गेलेला पास्कोल सातच्या आतला होता. १८४१ ला बाप्तिस्मा झालेलं बाळ तेव्हा साडेचार वर्षांचं असणार, अगदी बसतंय. दोन्हीकडे आईबापांची नावं तीच आहेत असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ते लेकरू तेच, आणि ते खरंच गेलं. तुमचे खापरपणजोबा ते नव्हेत.

जाता जाता त्या बाप्तिस्म्याची तारीखही दुरुस्त करून घ्या. तुम्ही ऑक्टोबर वाचलाय, कारण तिथं रोमन दहाचं फुलीसारखं अक्षर आणि त्याच्या डोक्यावर बारीकसं 'ब्रो' आहे, आणि दहावा महिना ऑक्टोबर. सगळेच असं वाचतात. पण हे संक्षेप महिन्याच्या नावावरून केलेत, क्रमांकावरून नाही. सेतेंब्रो म्हणजे मुळात सातवा, रोमन वर्ष मार्चपासून मोजत तेव्हाचा, म्हणून ७ च्या आकड्यावर ब्रो म्हणजे सप्टेंबर, ८ वर ब्रो म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि ती फुली किंवा १० म्हणजे डिसेंबर. तुमचं बाळ २८ डिसेंबरचं. पडताळायचं असेल तर त्याच पानावरची आधीची आणि नंतरची नोंद बघा, आधी नोव्हेंबर-डिसेंबर आणि पुढे डिसेंबरअखेर किंवा जानेवारी १८४२ यायला हवा. वही तारखेच्या क्रमानं लिहिलेली असते हा आपला सगळ्यात मोठा आधार आहे, आणि लोक नेमकी आपल्या नावाची तेवढी चौकट कापून फोटो काढतात. पूर्ण पान काढत जा, जमलं तर मागचं आणि पुढचंही.

त्याच नोंदीत 'जन्म २० दो कोरेंते' आहे, म्हणजे चालू महिन्याच्या २० ला, आणि आठव्या दिवशी बाप्तिस्मा, हे बरोबर जुळतं. दो कोरेंतेच्या जागी कधी 'प्रोसिमो पासादो' येतं, कित्येकदा नुसती दोन अक्षरं. त्यातल्या प्रोसिमोनं मी सुरुवातीच्या वर्षांत फसलोय. पुढचा महिना असा अर्थ घेतला आणि ३ मार्चला बाप्तिस्मा झालेल्या बाळाचा जन्म २७ एप्रिलला निघाला, मग फादर चुकला म्हणून मोकळा झालो. फादर चुकला नव्हता. प्रोसिमो म्हणजे 'लगतचा' आणि पासादो म्हणजे 'सरलेला', मिळून नुकताच संपलेला महिना, आपण गेल्या महिन्याच्या सत्तावीसला म्हणतो तसं. तेव्हापासून मी स्वतःला नियम घालून घेतलाय, नोंद अशक्य वाटली की फादरला दोष द्यायच्या आधी माझं वाचन तपासायचं.

आता लग्न, आणि खरी गाठ इथंच आहे. २४ फेब्रुवारी १८६३. मी लग्नाची कुठलीही तारीख आधी उपवासकाळाशी ताडून बघतो, कारण राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत, आणि तसंच आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चारेक आठवडे) तीन राजांच्या सणापर्यंत (६ जानेवारी), थाटाची लग्नं लावायला चर्चची मनाई होती. म्हणून तर आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत आणि मग एप्रिल-मेमध्ये लग्नांची झुंबड. १८६३ साली ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी. तुमची २४ तारीख उपवासकाळात पडते! बिशपांची खास परवानगी काढून लग्न होऊ शकायचं, पण मग नोंदीत 'दिस्पेन्सा' असा शब्द दिसायला हवा आणि तुम्ही पाठवलेल्या मजकुरात तो नाहीये.

मग दुसरी शंका येते. साल आकड्यात लिहिलंय की अक्षरात? तुम्ही म्हणताय अक्षरात. मग नीट बघा, साठला पोर्तुगीजमध्ये 'सेसेंता' आणि सत्तरला 'सेतेंता', दोन्हीत फरक मधल्या अक्षराचा, आणि जुन्या हातात लांब 'स' उभ्या दांड्यासारखा काढतात, 'त' ची आडवी रेघ शाई उडून गेली की तोही नुसता दांडा. पावसाळ्यानं आणि शाईच्या आम्लानं कागद खाल्लेला असेल तर भिंगातूनही कळत नाही. १८७३ धरून बघा. त्या वर्षी ईस्टर १३ एप्रिल, राखेचा बुधवार २६ फेब्रुवारी, म्हणजे २४ फेब्रुवारी हा बरोबर त्याच्या आधीचा सोमवार, कार्निव्हालचा. उपवास लागायच्या आधी लग्न उरकून घ्यायचा शेवटचा मोका, आणि त्या आठवड्यात अशी लग्नं वहीत रांगेनं सापडतात. मला १८७३ जास्त पटतं. सिद्ध करायला सोपं आहे, वहीची पानं उलटा, त्याच हातानं लिहिलेलं दुसरं एखादं साल शोधा जे शंका न येता वाचता येतं, आणि पानाचा क्रम कुठल्या वर्षात पडतो ते बघा. एका फादरच्या दहा-बारा नोंदी सलग वाचल्या की त्याचा 'स' कसा आणि 'त' कसा हे डोळ्यात बसतं.

आता जरा हिशोब. १८७३ मध्ये सज्ञान वय एकवीस झालेलं होतं. तेव्हा मेनोर म्हणजे एकवीसच्या आतला, म्हणून जन्म फेब्रुवारी १८५२ च्या नंतरचा. आणि चौदा तरी पूर्ण, म्हणून फेब्रुवारी १८५९ च्या आधीचा. आता १९३० च्या ऐंशीकडे बघा, वजाबाकी केली तर १८५० येतं. १८५२-५३ चा माणूस १९३० ला सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा, आणि त्याला घरच्यांनी 'ऐंशी असतील' म्हणणं हे किती साधं आहे. मृत्यूच्या नोंदीत वयं चाळीस, पन्नास, साठ, ऐंशी अशी गोल आकड्यांवर गोळा होतात, एकोणसाठ किंवा त्र्याहत्तर लिहिलेलं दिसलं तर मी उलट थोडा जास्त विश्वास ठेवतो, कारण कोणीतरी मोजलेलं असतं. सांगणारा पुतण्या नाहीतर शेजारी, मरणारा बोलायच्या स्थितीत नाही, आणि वयाच्या बाजूला 'पोऊको माइस ओ मेनोस' हे शब्द फादर किंवा कारकून मुद्दाम घालायचा, थोडं कमी थोडं जास्त, म्हणजे माझ्यावर अवलंबून राहू नका असं तो स्वतःच सांगतोय. अशा नोंदीला मी म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पाच वर्षं इकडे, पाच-सात तिकडे सूट देतो.

लॅटिन नोंदी हाताळणाऱ्यांसाठी इथंच एक सांगून ठेवतो. 'आन्नो एतातिस सुए' असं लिहून चाळीस आलं तर ते चाळीस पूर्ण नव्हे, चाळिसावं वर्ष चालू, म्हणजे एकोणचाळीस पूर्ण. आपली आजी म्हणते ना, 'त्याला बारावं लागलं', तसंच ते. आपल्याला हे खरं तर सहज कळायला हवं पण इंग्रजी पद्धतीनं वय मोजायची इतकी सवय झालीय की एक वर्षाचा फरक राहूनच जातो.

आणि तुम्ही विचारलेलं ज्युलियन-ग्रेगोरियन प्रकरण तुम्हाला लागू नाही. पोर्तुगालनं १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं. मुंबईच्या इंग्रजांच्या चर्चमधल्या १७५२ च्या आधीच्या नोंदी बघणाऱ्यांनी मात्र सांभाळायचं, कारण त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना १७३१/३२ असं जोडसाल दिसतं आणि आपल्या हिशोबानं त्यातलं दुसरं घ्यायचं.

तर आतापर्यंत हातात काय आलं, एक पास्कोल १८४१ च्या डिसेंबरात जन्मला आणि साडेचार वर्षांचा होऊन गेला. दुसरा पास्कोल साधारण १८५२ ते १८५९ मध्ये जन्मला, बहुतेक त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांत, १८७३ ला लग्न केलं आणि १९३० ला गेला. तुमचे खापरपणजोबा हे दुसरे. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद तुम्हाला अजून मिळालेलीच नाही, कारण पहिली सापडल्यावर तुम्ही शोधणं थांबवलंत, आणि त्यात तुमची काही चूक नाही, नाव, वाडा, बापाचं नाव सगळं जुळत होतं.

एक गोष्ट राहते, हा दुसरा पास्कोल त्या पहिल्याचा भाऊ की चुलतभाऊ? दोन्ही शक्य आहे. लेकरू गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती, आजोबांचं नाव घरात राहिलंच पाहिजे म्हणून. आणि बऱ्याच घरांत थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, त्यामुळे तीन भावांच्या घरी तीन पास्कोल, एकाच वाड्यात, एकाच आडनावाचे. तुमच्याकडे बापाचं नाव लग्नाच्या नोंदीत तेच आहे म्हणताय, पण नुसत्या बापाच्या नावानं मी ठरवणार नाही, चुलत घरातही ते नाव असू शकतं. आईचं नाव बघा, माहेरच्या आडनावासकट, आणि धर्मपिता-धर्ममाता कोण ते बघा. १८४१ ला ज्या घरानं बाळ हातात घेतलं त्याच घरातलं कोणी १८५२-५३ च्या बाप्तिस्म्यालाही उभं असेल तर ते एकच घर म्हणायला मी तयार होईन. आईच्या वयाचाही विचार करा, १८४१ ला पहिलटकरीण असेल तर १८५३ ला आणखी मूल होणं अगदी साधं, १८५८ म्हटलं तर जरा ताणतंय पण अशक्य नाही.

चर्चमध्ये ती वही नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा, बऱ्याच चर्चची जुनी रजिस्टरं तिथं गेलेली आहेत. फेब्रुवारी १८५२ पासून सुरू करा आणि सुचीवर विसंबू नका, सुची नंतर कोणीतरी केलेली असते आणि तिच्यात नावं सुटतात, पान-पान बघत जा. शेजारच्या कोऱ्या जागेत नंतर लिहिलेलं काही असेल तर तेही वाचा, कधी तिथंच लग्नाची तारीख टिपलेली मिळते आणि मग अंदाज करायची गरजच उरत नाही.

आणि एक विनंती. वंशावळीत त्या पहिल्या पास्कोलचं नाव खोडू नका. साडेचार वर्षांचं असलं तरी ते त्या घरातलं मूल होतं, त्याची स्वतःची ओळ त्याला द्या, २० डिसेंबर १८४१ ते ऑगस्ट १८४६, आणि त्याच्या खाली दुसऱ्याची.